ग्रिडशिवाय न चालणारा इन्व्हर्टर

छतावर सौर पॅनेल बसवलेल्या अनेकांना भर दुपारी वीज गेल्यावर एक कोडे पडते. ऊन रणरणत असते, तरी महावितरणच्या ग्रिडचा, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सार्वजनिक जाळ्याचा, पुरवठा खंडित होताच बॅटरी नसलेली घरची सौर यंत्रणाही बंद पडते. हा दोष वाटला, तरी ग्रिड गेले की थांबायचे, ही अट इन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पॅनेलची एकाच दिशेने वाहणारी (डीसी) वीज घरच्या, दिशा बदलणाऱ्या (एसी) विजेत रूपांतरित करणाऱ्या यंत्रात, मुद्दाम घातलेली असते. गंमत अशी की सुरुवातीच्या इन्व्हर्टरांना ती वेगळी घालावी लागली नव्हती.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात विंडवर्क्स या छोट्या कंपनीच्या हान्स मेयर यांनी पवनचक्कीची वीज ग्रिडमध्ये सोडण्यासाठी 'जेमिनी' हा इन्व्हर्टर तयार केला. पुढे याच जातीची यंत्रे सौर पॅनेलांनाही जोडली गेली. त्यांचा गाभा होता थायरिस्टर. हा अर्धवाहक स्विच छोट्याशा संकेताने चालू होतो. बंद मात्र त्यातला प्रवाह शून्यावर आल्यावरच होतो, आणि पॅनेलमधून येणारा डीसी प्रवाह आपणहून शून्यावर येत नाही. ते काम ग्रिडचे व्होल्टेज करी, कारण अमेरिकेत ते सेकंदाला १२० वेळा दिशा बदलते. साहजिकच ग्रिड नसेल, तर असा इन्व्हर्टर नीट चालूच शकत नसे. शिवाय त्याचा प्रवाह सुबक, गोलाईदार साइन लहरीऐवजी चौकोनी वळणाचा असे, आणि त्यामुळे ग्रिडमध्ये हार्मोनिक्स, म्हणजे मूळ लहरीच्या पटीतल्या नकोशा लहरी, मिसळत.

१९७८ च्या 'पर्पा' कायद्याने अमेरिकी वीज कंपन्यांना लहान उत्पादकांची वीज विकत घेणे बंधनकारक केले. युरोपातील पहिला ग्रिडला जोडलेला सौर प्रकल्प, १० किलोवॉटचा 'टिसो', मे १९८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो येथे सुरू झाला. त्याच देशात १९८७ मध्ये मार्कुस रेआल यांनी एका मोठ्या प्रकल्पाऐवजी ३३३ छतांवर प्रत्येकी ३ किलोवॉट बसवण्याची योजना मांडली. माझ्या मते खरे वळण हेच, कारण आता इन्व्हर्टरला देखरेखीविना, सामान्य माणसाच्या घरात नांदायचे होते.

तोवर ट्रान्झिस्टर पुरेसे दणकट झाले होते. ते हवे तेव्हा चालू आणि हवे तेव्हा बंद करता येत असल्यामुळे, सेकंदाला हजारो वेळा कमीअधिक रुंदीचे स्पंद सोडून जवळपास शुद्ध साइन लहर घडवता येऊ लागली. जर्मनीच्या एसएमए कंपनीचा असा इन्व्हर्टर १९९१ मध्ये बाजारात आला. पण ग्रिडवरचे अवलंबित्व सुटल्यामुळे नवाच धोका उभा राहिला: बाहेरचा पुरवठा बंद असताना इन्व्हर्टर गल्लीतल्या तारा जिवंत ठेवू शकत होता, आणि खांबावर चढलेल्या वायरमनला त्याची कल्पनाही नसणार. जपानमध्ये कोबेच्या रोक्को बेटावर प्रत्येकी २ किलोवॉटच्या १०० यंत्रणा उभारून नेमका हाच प्रश्न तपासण्यात आला.

ग्रिड गेले हे ओळखायला केवळ व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीवर (सेकंदाला किती लहरी, यावर) नजर ठेवणे पुरत नाही. परिसरातला वापर योगायोगाने सौर निर्मितीइतकाच असला, तर दोन्ही आकडे जवळजवळ जागचे हलत नाहीत. म्हणून इन्व्हर्टरलाच सतत फ्रिक्वेन्सी किंचित ढकलून पाहायला लावण्याची युक्ती निघाली. बलाढ्य ग्रिड असेपर्यंत ती हलत नाही. ग्रिड गेले की मात्र ती झपाट्याने सरकते, मर्यादा ओलांडते आणि यंत्र स्वतःला तोडून घेते. जर्मनीत ग्रिडचा इम्पिडन्स, म्हणजे एसी प्रवाहाला होणारा विरोध, मोजणारी निराळी पद्धत रुजली. तिच्या भरवशावर, वीज कंपनीच्या माणसाला केव्हाही हाताळता येईल असा वेगळा स्विच बसवण्याच्या अटीतून तिथली छोटी घरगुती यंत्रणा मोकळी झाली.