आउटबोर्ड इंजिनाचे शीतकरण : बिघाड व दुरुस्ती

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेले इंजिन म्हणजे आउटबोर्ड. बोलताना ‘ओबीएम’ किंवा नुसते ‘मशीन’. सातारा जिल्ह्यात शिवसागर जलाशयावर बामणोली-तापोळा भागातल्या प्रवासी बोटींना आणि सांगलीत कृष्णाकाठी पूरबचावाच्या बोटींना ते लावलेले दिसते. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांचा घात बहुधा आत पाणी न फिरल्याने होतो. किनारपट्टीवर त्याला मीठ कारणीभूत असते. इथले पाणी गोडे, म्हणून इथली कारणे वेगळी : गाळ, उसाचे पाचट, आणि सर्वांत मोठे म्हणजे इंजिन महिनोन्‌महिने पडून राहणे. कोकणातून वापरलेले इंजिन आणले असेल, तर मिठाचा थरही त्याच्यासोबत येतो.

या इंजिनाला रेडिएटर नसतो. पंख्याजवळच्या (प्रॉपेलरजवळच्या) जाळीतून नदीचेच पाणी आत येते, गिअरकेसच्या, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीच्या, डोक्यावरचा रबरी पात्यांचा इम्पेलर, म्हणजे पाण्याचा पंप, ते ढकलतो, उभ्या नळीतून ते सिलिंडरभोवती चढते आणि थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर उघडणारी झडप) ओलांडून धुराबरोबर खाली पडते. त्यातले थोडे पाणी पायलट होलमधून बारीक धारेने बाहेर येते. चालक पाहतो ती हीच धार. पण अनेक मॉडेलांत ही धार पंप चालू असल्याची खूण असते, हेडमधून, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातून, पाणी फिरत असल्याची नव्हे. म्हणून ‘धार आहे, तरी तापते’ ही तक्रार खोटी नसते. अशा वेळी थर्मोस्टॅट आणि हेडमधल्या वाटा तपासाव्यात.

धारच नसेल तर आधी सोपे पाहावे. इंजिन बंद करून, सेफ्टी दोरी (इंजिन बंद पाडणारी) काढून, मशीन वर उचलून जाळी साफ करावी. २००५, २०१९ आणि २०२१ सारख्या महापुरात पाचट, पिशव्या आणि जलपर्णीची मुळे जाळीवर थापली जातात. मग पायलट होलमध्ये गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घालून पाहावी. शेडमध्ये पडून असलेल्या मशीनच्या या भोकात कुंभारमाशी हमखास मातीचे घर बांधते. तार वापरली तर आतला रबरी पाइप फाटू शकतो.

एवढे करूनही धार येत नसेल तर इम्पेलर. पंपाचे घर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनातून खाली येणाऱ्या दांड्याच्या, मध्यावर नसते, त्यामुळे एका बाजूची पाती कायम वाकलेली राहतात. वर्षभर मशीन हलले नाही की ती तशीच कडक होतात आणि ऐन पुरात पाणी ओढत नाहीत. मशीन किती तास चालले यावर इथे काही ठरत नाही. बचावाच्या मशीनचा इम्पेलर दरवर्षी मेअखेर बदलावा, तो दिसायला चांगला असला तरी. पावसाळ्यापूर्वी ‘सुरू होते का’ म्हणून मशीन कोरडेच चालवून पाहण्याची सवय घातक आहे : पाणी हेच त्या रबराचे वंगण, त्यावाचून पाती काही सेकंदांत जळू लागतात. चाचणी कापलेल्या ड्रममध्ये, पंखा काढून, न्यूट्रलमध्ये आणि कमी वेगावरच घ्यावी. पंख्यावरची आडवी प्लेट बुडून वर चार बोटे पाणी हवे. आखूड ड्रममध्ये पंप पाण्याबाहेर राहतो.

बदलताना प्लगच्या वायरी काढाव्यात, गिअरचा दांडा सोडवावा, बोल्ट काढून गिअरकेस सरळ खाली ओढावी. पंपाचे झाकण उघडल्यावर जुन्या इम्पेलरची पाती मोजावीत. एखादे तुटलेले असेल तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत काम संपत नाही, कारण तो नळीतून वर जाऊन वाट अडवतो. आतल्या स्टीलच्या कपावर किंवा खालच्या प्लेटवर नखाला लागतील असे चरे असतील तर तेही बदलावेत. गाळाच्या पाण्यात चाललेल्या मशीनमध्ये हे चरे नेहमीचे. इम्पेलर शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी (की) हरवू देऊ नये. नव्या पात्यांना साबणाचे पाणी लावावे आणि झाकण दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवत राहावे, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. उलटा फिरवला की पाती उलटतात. गिअरकेस चढवताना पाण्याची नळी तिच्या रबरी बुशात बसली का ते पाहावे. ती बाहेर राहिली तर नवा पंपही व्यर्थ. ग्रीस शाफ्टच्या दात्यांना लावावे, वरच्या टोकावर नको.

थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यात लोंबकळता ठेवून पाणी तापवावे. बहुतेक आउटबोर्डमध्ये तो ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो. नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. तो कायम उघडा राहिला तर इंजिन थंडच चालते आणि प्लग काळे पडतात. ‘इथे गरम होत नाही’ म्हणून तो काढून टाकणे हा उपाय नव्हे.

तापण्याची वेळही बरेच सांगते. फक्त मंद वेगात तापत असेल तर पंप झिजलेला. फक्त पूर्ण वेगात तापत असेल तर जाळी अर्धवट बंद किंवा मशीन फार वर बसवलेले; आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा त्याखाली २५ मिमीपर्यंत असावी. १५ इंची शाफ्टचे (आखूड पायाचे) मशीन २० इंची उंच फळीला लावले की पाण्याऐवजी हवा ओढली जाते. शिवाय पेट्रोलमधले ऑइल तपासावे : प्रमाण ५०:१ असेल तर १० लिटरला २०० मिलि, कमी पडले तर पिस्टन पाणी असूनही जाम होतो.

कोकणातल्या मशीनचे हेड उघडताना बोल्ट तुटतात. ताकद लावण्यापूर्वी गंजतेल मुरू द्यावे आणि भोवतालचा धातू गरम करावा. मिठाचा थर व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिडच्या पाण्याने सोडवावा. फरशी धुण्याचे अॅसिड मात्र अॅल्युमिनियमच खाते. हेडच्या पृष्ठावर सरळ पट्टी ठेवून खाली ०.१ मिमी जाडीची मोजपट्टीची पाती (फीलर गेज) सरकत असेल तर ते घासून सपाट करून घ्यावे. गॅस्केट नवीच टाकावी आणि बोल्ट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळावेत. तापून बंद पडलेल्या मशीनवर पाणी ओतू नये. ते आपोआप निवल्यावर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पिस्टनच्या रिंगा तपासाव्या लागतात.

पुराच्या पाण्यातून आलेले मशीन त्याच दिवशी स्वच्छ पाण्यावर १० मिनिटे चालवावे. वाळलेला गाळ पुन्हा सहज निघत नाही. नंतर ते उभेच ठेवावे, म्हणजे आतले पाणी पूर्ण निथळते, आणि पायलट होलवर कापडाची चिंधी बांधावी.