एकट्यांचं संमेलन: निसर्ग छायाचित्रकार एकत्र का येऊ लागले

निसर्ग छायाचित्रण हा मुळात एकट्याने करायचा उद्योग. लपणात तासन्‌तास बसायचं, तर शेजारी दुसरा माणूस म्हणजे अडचणच. तरीही ही एकांडी मंडळी अनेक देशांत वर्षातून एकदा ठरवून एकत्र येतात. पहाटे कॅमेरे घेऊन फिरणं, दुपारी टेबलाभोवती एकमेकांच्या कामाची चिकित्सा, संध्याकाळी अंधाऱ्या सभागृहात मोठा पडदा, आणि मध्येच कुठेतरी नीतिनियमांवरची तापलेली चर्चा. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सगळं एकाच मांडवाखाली का, असा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर सव्वाशे वर्षं मागे जाऊन शोधावं लागतं.

रिचर्ड आणि चेरी हे इंग्लंडमधले कीर्टन बंधू. 1892 मध्ये त्यांनी पक्ष्याच्या घरट्याचा, आतल्या अंड्यांसकट फोटो घेतला आणि 1895 मध्ये ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचं सचित्र पुस्तक काढलं. सगळी चित्रं जागेवर जाऊन घेतलेले फोटो. जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा एवढ्यावर काम भागवायचं, म्हणून बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल करून त्यात शिरून बसण्यापर्यंत त्यांची मजल गेली. असं काम करणारे त्या काळी थोडे आणि विखुरलेले. त्यांच्यासाठी 1899 मध्ये ब्रिटनमध्ये झूलॉजिकल फोटोग्राफिक क्लब निघाला. त्याची पद्धत मला फार आवडते. सभासदांचे फोटो टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे फिरत. प्रत्येकाने इतरांच्या फोटोंवर मोकळेपणाने लिहायचं आणि गठ्ठा पुढच्याकडे रवाना करायचा. आजच्या संमेलनातला पोर्टफोलिओ रिव्ह्यू मला या गठ्ठ्याचाच वारस वाटतो. फरक इतकाच, की आता टीका करणारा समोर बसलेला असतो.

पत्रांवर भागत होतं, मग प्रत्यक्ष भेट कशाला? माझ्या मते याचं मोठं कारण स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवायचा पारदर्शक फिल्मचा तुकडा. 1936 मध्ये कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म 35 मिमी कॅमेऱ्यांसाठी आली आणि 1961 मध्ये कोडॅकचा गोल ट्रेचा कॅरोसेल प्रोजेक्टर. स्लाइडला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यातून गेलेला तो तुकडा हीच मूळ प्रत. टपालात हरवली तर संपलं. शिवाय हातात धरून ती दिसते टपाल तिकिटाएवढी. तिचं खरं रूप कळायला अंधार, पडदा आणि प्रोजेक्टर हवा. माणसं अंधारात एकत्र बसली ती अशी. नेहमीच्या ट्रेमध्ये 80 स्लाइड मावत. वर्षभराच्या कामातून त्या 80 निवडायच्या म्हणजे किती जिवावर येत असेल, हे फोटो काढणारा प्रत्येकजण जाणतो.

संस्थाही याच काळात उभ्या राहिल्या. 1965 मध्ये ब्रिटनमधल्या एका नियतकालिकाने वन्यजीव छायाचित्रांची वार्षिक स्पर्धा सुरू केली; 1984 पासून लंडनचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम तिच्याशी जोडलं गेलं. जर्मनीत 1971 मध्ये जीडीटी ही निसर्ग छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली. तिचा ल्यूनेन इथला वार्षिक महोत्सव आज युरोपातल्या महत्त्वाच्या मेळाव्यांत गणला जातो. अमेरिकेत 1993 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जेम्सटाउन इथे रॉजर टोरी पीटरसन इन्स्टिट्यूटमध्ये निसर्ग छायाचित्रकारांची बैठक भरली आणि तिच्यातून 1994 मध्ये नॅनपा ही संघटना जन्मली. फ्रान्समध्ये मोंतिए-आं-देर या छोट्या गावात 1997 पासून नोव्हेंबरमध्ये महोत्सव भरतो. जवळच्या देर तलावावर त्याच सुमारास स्थलांतर करणारे क्रौंच उतरलेले असतात. आधी पक्षी पाहायचे, मग त्यांचे फोटो!

नीतिनियमांची चर्चा मात्र हौसेतून आलेली नाही, ती चुकांमधून आली. सुरुवातीचं पक्षी छायाचित्रण जवळजवळ सगळं घरट्यावरच चाले, कारण लेन्स आखूड, प्लेटा मंद, आणि पक्षी हमखास परत येणार ती जागा एकच. फोटो नीट यावा म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या बाजूला केल्या जात. त्याने पिल्लं उन्हात आणि शिकारी पशुपक्ष्यांच्या नजरेत उघडी पडत. 1981 च्या ब्रिटिश कायद्याने काही संरक्षित पक्ष्यांना घरट्यावर त्रास देणं परवान्याशिवाय गुन्हा ठरवलं, आणि आज अनेक स्पर्धा घरट्यावरचे फोटो स्वीकारतच नाहीत. ज्या प्रकारच्या फोटोने ही कला जन्माला आली, तोच आज दाराबाहेर आहे. मला हा बदल पूर्णपणे योग्य वाटतो.

दुसरा वाद खरेपणाचा. लंडनच्या स्पर्धेत 2009 साली फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि काही महिन्यांतच काढून घेण्यात आला. लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असा परीक्षकांचा निष्कर्ष होता. डिजिटल कॅमेऱ्यामुळे तर फांदी पुसणं किंवा चंद्र चिकटवणं मिनिटांचं काम झालं. अखेर 2014 मध्ये एफआयएपी, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रणातल्या तीन मोठ्या संस्थांनी निसर्ग छायाचित्राची सामाईक व्याख्या ठरवली. कडा कापायला मुभा आहे, पण चित्रात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. त्या व्याख्येत माणसाच्या खुणाही चालत नव्हत्या. अपवाद होता तो गव्हाणी घुबड किंवा करकोच्यासारख्या माणसाच्या वस्तीशी जुळवून घेतलेल्या जिवांच्या आणि चक्रीवादळासारख्या निसर्गशक्तींच्या चित्रांचा.

आता स्लाइड गेली. कोडॅकने 2004 मध्ये प्रोजेक्टर बनवणं थांबवलं, आणि कोडॅक्रोम धुणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा, कॅन्सासमधल्या पार्सन्सची, तिने 2010 च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणं बंद केलं. फोटो घरबसल्या दिसतात. तरी अंधारलेलं सभागृह आहे, टेबल आहे, पहाटेची फेरीही आहे. फक्त टेबलावर आता प्रिंट आवडली तरी लगेच मूळ रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या न बदललेल्या फाइलची, चौकशी होते, आणि घुबडाचा फोटो पडद्यावर आला की त्याला त्रास द्यायला कुणी जाऊ नये म्हणून बोलणारा ठिकाणाचं नाव घेत नाही.