क्विल्टच्या रचनेतील सममिती आणि असममिती

वरचे जोडकामाचे कापड, मधला भराव आणि खालचे अस्तर असे तीन थर टाके घालून एकत्र केले की क्विल्ट तयार होते. त्याची सममिती तपासताना शिवणींच्या रेषा, रंगछटांची मांडणी आणि थर बांधणारे टाके या तिन्हींकडे वेगवेगळे पाहावे लागते. एकीत असलेली सममिती दुसरीत असेलच असे नाही. क्विल्टची गंमत बरीचशी या तफावतीत आहे.

बहुतेक क्विल्ट चौरस ब्लॉकची, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या सारख्या चौरस भागांची बनतात. चौरसाला आठ सममिती असतात : चार आरशाच्या अक्षांवरची परावर्तने आणि पाव-पाव फेऱ्याची चार परिभ्रमणे (पूर्ण फेरा धरून). ‘नाइन पॅच’ या नऊ चौकोनी ब्लॉकमध्ये गडद-फिकट तुकडे आलटून पालटून लावले तर आठही टिकतात. ‘पिनव्हील’चे तसे नाही. कर्णावर दोन रंगांत विभागलेले चार चौकोन जोडून हा भिरभिऱ्यासारखा ब्लॉक होतो. नुसत्या शिवणी पाहिल्या तर तिथेही आठही सममिती सापडतात. पण रंग विचारात घेतले की आरसे नाहीसे होतात आणि फक्त परिभ्रमणे उरतात. आरसा धरलाच तर गडदाच्या जागी फिकट येते. तेच चार चौकोन फिरवून मधोमध फिकट हिऱ्याचा आकार आणला की आरसे परततात. प्रत्येक चौकोन चार दिशांनी ठेवता येत असल्याने चौघांच्या २५६ मांडण्या होतात. असा कर्णावर दुरंगी चौकोन घेऊन त्याच्या मांडण्यांचा अभ्यास सेबास्तियाँ त्रुशे या फ्रेंच विद्वानाने १७०४ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र फरशा होत्या.

‘लॉग कॅबिन’ ब्लॉकमध्ये मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या एकामागोमाग फिरत जोडल्या जातात, त्यामुळे शिवणींत आरसा-सममिती नसते. लगतच्या दोन बाजू फिकट आणि उरलेल्या दोन गडद ठेवल्या की दुरून ब्लॉक कर्णावर दुभागलेला दिसतो. मग तेच ब्लॉक फिरवून हिऱ्यांची वलये (‘बार्न रेझिंग’) किंवा तिरके पट्टे (‘स्ट्रेट फरो’) साधता येतात. ब्लॉक स्वतः असममित, पण संपूर्ण क्विल्ट नीटनेटके सममित, असा हा प्रकार आहे.

सपाट पृष्ठावर दोन दिशांना पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीचे सममितीनुसार १७ च प्रकार संभवतात, हे फेदोरोव्ह या रशियन स्फटिकशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये सिद्ध केले. अशा नक्षीत अर्धा, तृतीयांश, पाव आणि एक षष्ठांश एवढ्याच फेऱ्यांची परिभ्रमणे बसतात. षट्कोनी तुकड्यांचे ‘ग्रँडमदर्स फ्लॉवर गार्डन’ या मर्यादेत बसते. आठ टोकांचा ‘लोन स्टार’ मात्र त्याच्या आठ पट (एक अष्टमांश फेऱ्याच्या) परिभ्रमणासह जाळीसारखा पसरवता येत नाही. म्हणूनच तो मधोमध एकटा शोभतो. भोवतीच्या चौकोनी किनारीमुळे संपूर्ण क्विल्टची सममिती चार पटच राहते.

सममिती क्विल्टमध्ये एवढी सहज येते याचे कारण व्यावहारिक आहे : एकाच मापाचे तुकडे एकदम कापता येतात, ब्लॉक सुटे सुटे शिवता येतात. असममितीसाठी वेगळे कष्ट लागतात. १८८० च्या दशकात अमेरिकेत रेशीम-मखमलीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांच्या ‘क्रेझी क्विल्ट’ची लाट आली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात दिसलेल्या जपानी कलावस्तूंचा तिच्यावरचा प्रभाव नेहमी सांगितला जातो. पण तिथेही तुकडे अनेकदा चौकोनी पायाकापडावर लावलेले असत, म्हणजे पसाऱ्याखाली जाळी शाबूत होती. अलाबामातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांची क्विल्ट अधिक धीट वाटतात. त्यांच्या ‘हाउसटॉप’मध्ये चौकोनात चौकोन अशी शिस्तीची चौकट असते, पण जुन्या कामाच्या कपड्यांतून निघतील तशा कमी-जास्त रुंदीच्या पट्ट्यांमुळे केंद्र सरकते, कडा झुकतात. २००२ मध्ये ह्यूस्टनला भरलेल्या प्रदर्शनानंतर ती कलादालनांत पोहोचली.

परिपूर्णता केवळ ईश्वराची, म्हणून जुन्या शिवणाऱ्या स्त्रिया मुद्दाम एक तुकडा चुकीचा लावत, ही गोष्ट लोकप्रिय आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. उलटा लागलेला तुकडा किंवा संपलेले कापड हे साधे स्पष्टीकरण बहुतेक वेळा पुरते.

प्रत्यक्ष शिवताना आरसा-सममितीच जास्त फसवते. कापडाला सुलट-उलट बाजू असल्याने तिरक्या तुकड्याचे प्रतिबिंब हवे असेल तर साचा उलटा ठेवावा लागतो, किंवा कापड घडी घालून दोन्ही तुकडे एकदम कापावे लागतात. कागदी पायावर, म्हणजे छापील आकृतीच्या कागदामागे कापड ठेवून शिवलेला ब्लॉक तर त्या आकृतीच्या उलटाच उतरतो. एका दिशेच्या छापाचे कापड असेल तर परिभ्रमण-सममितीही बिघडते. किनारीची नक्षी चारही कोपऱ्यांत सारखी वळवायची झाली तर बाजूची लांबी नक्षीच्या एका आवर्तनाच्या पटीत यावी लागते. ती न जुळल्याने मध्येच तुटलेल्या वेली अनेक जुन्या क्विल्टांच्या कोपऱ्यांत दिसतात.