गियरची खडखड: दात्यांची की सॉल्व्हरची?

उद्यमनगरात गियर कापणाऱ्या माणसाला बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळी फट, शिकवायला जाऊ नये. हातानं गियर हलवून तो हा प्ले सांगतो. त्यामुळे तो भाग मी सोडतो. घोळ होतो तो तीच जोडी मल्टिबॉडी सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या भागांची हालचाल संगणकावर बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये, फिरवल्यावर. संपर्कबलाचा ग्राफ कंगव्यासारखा येतो. मग कुणी म्हणतं, "बॅकलॅश आहे, असं होणारच." कुणी म्हणतं, "सर, डॅम्पिंग दहापट केलं की लाईन सरळ येतीया." नक्की खडखडतंय कोण, दाते की हालचालीचं गणित सोडवणारा सॉल्व्हर, हे दोघंही बघत नाहीत.

दात्यांची खडखड सगळ्यांच्या ओळखीची आहे. इंजिनाचा वेग कमीजास्त होत असतो आणि पुढच्या गियरवर भार नसतो, म्हणून दाता सुटतो, प्ले ओलांडून आपटतो. न्यूट्रलला खडखडणारा गिअरबॉक्स क्लच दाबल्यावर गप्प होतो, तो यामुळेच.

सॉल्व्हरची खडखड वेगळी, आणि लोक फसतात ते इथंच. स्टीलच्या सरळ दात्यांची मेश स्टिफनेस, म्हणजे एकमेकांत बसलेल्या दात्यांचा ताठपणा, रुंदीच्या दर मिलिमीटरला साधारण 20 न्यूटन प्रति मायक्रॉन धरतात. दाता 20 मिमी रुंद असेल तर 400 न्यूटन प्रति मायक्रॉन. दोन्ही गियरचं मिळून इफेक्टिव्ह वस्तुमान 1 किलो धरलं, तर आपटून परत उडायला जेमतेम 0.16 मिलिसेकंद लागतात. सॉल्व्हर वेळेच्या छोट्या उड्या, म्हणजे स्टेप, घेत पुढं जातो; तुमची कमाल स्टेप 1 मिलिसेकंद असेल, तर या स्टेपला दाता समोर आणि पुढच्या स्टेपला तो दुसऱ्या दात्यात घुसलेला. सॉल्व्हर दचकतो, प्रचंड बल लावून त्याला बाहेर फेकतो, मग पुन्हा तेच. त्या 0.16 मध्ये निदान दहा-पंधरा स्टेप बसायला हव्यात. आणि कृपा करून आउटपुट स्टेप (निकाल नोंदवायचं अंतर) कमी करून "स्टेप कमी केली" म्हणू नका. त्यानं बऱ्याचदा नुसते ग्राफवर ठिपके वाढतात. सॉल्व्हरला लगाम घालते ती कमाल इंटिग्रेशन स्टेप.

ती निम्मी करा. सुळक्यांची उंची आणि जागा बदलली, तर ती खडखड सॉल्व्हरची. नाही बदलली, तर पुढच्या गियरवर थोडा भार द्या; खरी असेल तर दाते चिकटून चालतील आणि ती विरेल.

यातही एक ठक आहे. कॅडमधून आणलेला दाता संपर्कासाठी बऱ्याचदा सपाट तुकड्यांचा होतो. दाता त्या कडांवरून घसरतो आणि ठेचकाळतो. ही खडखड स्टेप कमी करून जात नाही, शिवाय वेगाबरोबर तिची वारंवारताही वाढते. म्हणजे अगदी खऱ्यासारखी वागते. 20 दात्यांचा गियर 1500 आरपीएमला फिरला तर मेश वारंवारता, म्हणजे सेकंदाला दाते किती वेळा भिडतात ती, 500 हर्ट्झ. तिच्या बऱ्याच वरच्या पटीत ऊर्जा दिसली, की मी आधी तुकडे बारीक करतो. जमेल तिथं तर थेट दात्याच्या वक्राचं इन्व्होल्यूट समीकरणच वापरतो.

डॅम्पिंगला हात सगळ्यात शेवटी. ते फुगवलं की सॉल्व्हरबरोबर दात्यांची खरी खडखडही मरते आणि ग्राफ कसा गुळगुळीत येतो. असा ग्राफ कुणी कौतुकानं दाखवला, की मी स्टिफनेस कुठून आली एवढंच विचारतो. सॉफ्टवेअर ॲडम्स असेल तर ती बहुतेक वेळा 1,00,000 निघते. "ती आधीच भरलेली होती, सर."