रिट्विस्टनंतर पाणी नक्की काय करतं?

इंदुरात हल्ली अधूनमधून लॉक्सवाली, म्हणजे केसांच्या दोरीसारख्या जटा राखणारी, पोरं दिसतात. पार्लरमध्ये जाऊन मुळाशी वाढलेले केस पुन्हा पिळून घेतले, म्हणजे रिट्विस्ट केलं, की घरून हुकूम सुटतो: ‘एवढे पैसे घातलेस, आता महिनाभर डोक्यावरून पाणी घेऊ नकोस.’ महिना हा अतिरेकच. पण त्यात तथ्याचा अंश आहे आणि तो भलताच मजेदार आहे.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांब साखळ्यांना जोडणारे गंधकाचे डायसल्फाइड बंध पक्के असतात, साध्या पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र एकेकटे दुबळे, पण संख्येने अफाट. केस भिजला की पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये घुसतात आणि साखळ्या एकमेकींना सोडून पाण्याला धरतात. वाळला की जिथे असतील तिथे नवे बंध जुळतात. सुती सदऱ्यावर पाणी शिंपडून इस्त्री करतो तेव्हा सेल्युलोजमध्ये हेच घडतं, म्हणून तर घामाने इस्त्री मोडते. रिट्विस्टही ओलसर केसांवर करून वाळवतात. तेव्हा त्या सुबक पिळाची पकड बरीचशी पाण्याने दिलेली, आणि पाणीच ती काढून घेतं.

जरा आणखी खोलात जाऊ. केराटिनला काच-संक्रमण तापमान असतं: त्याखाली ते ताठ, त्यावर लवचिक. पूर्ण कोरड्या केसात ते 100 अंशांच्या बरंच वर, चिंब केसात खोलीच्या तापमानाच्याही खाली. हवेतली आर्द्रता वाढते तसं ते घसरतं. म्हणून एकच पीळ मेच्या कोरड्या उन्हाळ्यात टिकतो आणि जुलैत न भिजताही सैलावतो. शिवाय भिजलेला केस साधारण 15 टक्के जाड होतो, लांबीला मात्र जेमतेम 1-2 टक्के वाढतो. पीळ आतूनच ढकलला जातो.

खरं लॉक होणं वेगळं. गळलेले केस बाहेर न पडता आतच गुंततात, पृष्ठभागावरचे खवले एकमेकांत अडकतात; त्याला महिने लागतात. आफ्रिकी वंशाच्या घट्ट कुरळ्या केसांत ते सहज होतं, आपले सरळ केस निसटत राहतात.

तेव्हा पहिले काही दिवस, फार तर आठवडाभर, चिंब भिजणं टाळा. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे इंदूरच्या रंग उडवत जाणाऱ्या मिरवणुकीच्या, आदल्या दिवशी रिट्विस्ट करणाऱ्याला काय म्हणावं! झोपताना सॅटिनचं फडकं बांधा. नंतर खुशाल धुवा, पण गाभ्यापर्यंत वाळवा. ओल राहिली की कुबट वास आणि बुरशी. लॉक्स पक्के करणारं म्हणून मधमाश्यांचं मेण खपवतात, ते घेऊ नका. ते 62-64 अंशांना वितळतं; इतकं गरम पाणी डोक्यावर ओतलं तर टाळू भाजेल. म्हणजे ते आत बसलं की बसलंच.

जट आपोआप होते तेव्हाही असाच गुंता असतो, देवीचा कौल नव्हे. तो मानून मुली यल्लम्माला सोडल्या गेल्या. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही बायकांना समजावून जटा कापतात.

मुळाशी पीळ करकचून बसला असेल, त्यातच केस वर ओढून अंबाडा घातला, तर सततच्या ताणाने कपाळाकडचे केस विरळ होतात. ताण लांबला तर केसांची मुळं कायमची जातात. दोन दिवसांनंतरही दुखत असेल किंवा मुळाशी पुटकुळ्या आल्या, तर पीळ सैल करून घ्या आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.