कोयनेचा हादरा, पुण्याचं पार्किंग

पुण्यात भूकंपाचा विषय निघाला की जुनी माणसं दोन पहाटांबद्दल सांगतात. पहिली ११ डिसेंबर १९६७ची. चार वाजून गेलेले, थंडी कडाक्याची, आणि कसब्यातल्या आमच्या वाड्यात मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आधी सगळ्यांना मांजर शिरलंय असंच वाटलं. पाळण्याच्या कड्या करकरायला लागल्या तेव्हा मात्र माणसं घोंगड्यांसकट चौकात आली. पानशेत फुटून जेमतेम सहा वर्षं झाली होती, त्यामुळे आजीला पहिली आठवण धरणाची झाली म्हणे.

आजीचा अंदाज फार चुकला नव्हता, फक्त धरण वेगळं होतं. केंद्र कोयनानगरजवळ, पुण्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरवर. तीव्रता ६.३, मृत सुमारे १८०. धरणाला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. जलाशयात पाणी साठायला लागलं तेव्हापासूनच तिथे बारीक धक्के बसत होते आणि ते टिपायला भूकंपमापकंही बसवलेली होती. खडकात ताण आधीपासूनच असतो. भेगांत झिरपलेलं पाणी दाब वाढवून तो मोकळा करतं, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. आपलं पठार म्हणजे साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ, त्याला काय होणार, या समजुतीला तेव्हा पहिला तडा गेला.

दुसरी पहाट ३० सप्टेंबर १९९३ची, अनंत चतुर्दशीच्या रात्रीनंतरची. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता! दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. झोपलेल्या माणसांवर घरंच कोसळली.

पुणेकराने खरं तर तिसरी तारीख लक्षात ठेवायला हवी: २६ जानेवारी २००१. भूकंप कच्छचा, पण दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती पडल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींत खाली भिंतीच नव्हत्या, नुसते खांब आणि गाड्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ आणि तळमजला लवचिक, त्यामुळे सगळी हालचाल त्या खांबांवर येते. शिवाय भूसभुशीत गाळावर हादरा आणखी वाढतो. नदीकाठी भराव टाकून बांधणाऱ्यांनी हे विसरू नये.

२००२च्या नकाशात कोयना झोन ४मध्ये आहे, पुणे झोन ३मध्ये. म्हणजे मध्यम धोका. मला मात्र झोनपेक्षा खांबातल्या रिंगांची, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आडव्या लोखंडी कड्यांची, काळजी जास्त वाटते. त्या खांबाच्या दोन्ही टोकांना जवळजवळ हव्यात आणि त्यांचे हूक १३५ अंशांत आत वळवलेले हवेत. तसं सांगणारं मानक १९९३चं. त्याआधी उभ्या राहिलेल्या सोसायट्या पेठांपासून कोथरूडपर्यंत पसरल्या आहेत, आणि नंतरच्या इमारतींतही रिंगा कशा वळवल्या हे काँक्रीट ओतल्यावर कोण बघणार?

आमच्या सोसायटीत जिन्याजवळच्या खांबाचं प्लास्टर बुडाशी निघालंय. आत गंजलेली सळई दिसते, तिच्या पुढ्यात दोन स्कूटर. गेल्या सभेत या खांबाचा विषय निघाला होता. ठराव झाला तो गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा.