किरणोत्सर्ग वेगळा, किरणोत्सर्गी धूळ वेगळी

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याला भूकंपाचा आणि त्सुनामीचा तडाखा बसला, फुकुशिमा दाइ-इची अणुवीज केंद्राच्या तीन अणुभट्ट्यांमधले इंधन वितळले, आणि तेव्हापासून ‘फुकुशिमातून किरणोत्सर्ग पसरला’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा छापून आले आहे की त्यात काही खटकते असे कोणाला वाटेनासे झाले आहे. मला मात्र ते दर वेळी खटकते, कारण पसरली ती धूळ होती. किरण त्या धुळीतून निघत होते. हा फरक शब्दच्छल वाटेल, पण अपघातानंतर लोकांनी कशाला भ्यावे, कुठे पळावे आणि कोणाला घरात घ्यावे, हे सारे त्याच्यावरच ठरते.

किरणोत्सर्गाविषयी फार सांगण्याची गरज नाही, कारण ज्याने छातीचा एक्स-रे काढून घेतला आहे त्याला तो ठाऊकच आहे. किरण आले, शरीरातून आरपार गेले, काही शरीरात जिरले आणि यंत्र बंद होताच सगळे थांबले. त्यापासून बचाव करायचा तर लांब राहावे, मध्ये जाड भिंत असावी आणि शक्य तितका कमी वेळ थांबावे.

किरणोत्सर्गी दूषण ही मात्र वस्तू आहे. फुकुशिमातून बाहेर पडलेले आयोडीन-१३१, सीझियम-१३४ आणि सीझियम-१३७ हे किरणोत्सर्गी पदार्थ वाऱ्याबरोबर गेले, पाऊस-बर्फाबरोबर खाली आले आणि कौलांवर, पालकाच्या पानांवर, मुलांच्या बुटांना चिकटले. विसर्जनाच्या मिरवणुकीतला गुलाल दुसऱ्या दिवशी कानामागे, स्कूटरच्या सीटवर आणि उशीच्या अभ्र्यावरही सापडतो. हे दूषणही तसेच, फक्त त्याचा प्रत्येक कण म्हणजे एक बारीकसा, फुंकर मारून न विझणारा दिवा आहे असे समजावे. आयोडीनचा दिवा दर आठ दिवसांनी निम्मा होतो, सीझियम-१३७चा निम्मा व्हायला तीस वर्षे लागतात. पण गुलाल झटकता येतो, धुता येतो, आणि नाकातोंडात जाऊ नये म्हणून तोंडावर रुमालही बांधता येतो. किरणांच्या बाबतीत यातले काहीच लागू पडत नाही.

हा घोळ माझ्या घरातही झाला आहे. माझ्या मावशीला कर्करोगासाठी ‘शेक’ दिले जात होते, म्हणजे बाहेरच्या यंत्रातून किरणांचा मारा, आणि त्या दीड महिन्यात तिचे ताट-वाटी वेगळी ठेवली गेली आणि नातवाला तिच्या मांडीवर बसू दिले गेले नाही. ठेवणारी माणसे शिकलेली होती आणि मायेचीच होती. बाहेरून शेक घेतलेल्या माणसात किरणांचा अंशही मागे राहत नाही. याउलट थायरॉईडच्या आजारासाठी ज्याला आयोडीन-१३१ पाजले आहे त्याला डॉक्टर स्वतःच काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगतात, कारण त्याच्या पोटात तो पदार्थ खरोखरच आहे. पहिल्याच्या अंगावरून प्रकाश गेला आहे, दुसऱ्याने दिवा गिळला आहे. आमच्या मावशीने दिवा गिळला नव्हता.

आता हाच फरक फुकुशिमाच्या नकाशावर पाहावा. सरकारने कंपास टेकवल्यासारखे केंद्राभोवती २० किलोमीटरचे वर्तुळ आखले आणि त्यातल्या लोकांना हलवले. २० ते ३० किलोमीटरमधल्यांना घराची दारेखिडक्या लावून बसायला सांगितले. वर्तुळ ही किरणांची भाषा आहे. अणुभट्टीतून थेट निघणारे गॅमा किरण, म्हणजे एक्स-रेसारखेच आरपार जाणारे किरण, किलोमीटर-दोन किलोमीटर हवेतच जवळपास संपतात. वीस किलोमीटरवर जे पोहोचते ते धुळीच्या पाठीवर बसून, आणि धूळ कंपासला जुमानत नाही. नामिए गावातले हजारो लोक केंद्रापासून लांब जायचे म्हणून वायव्येला, डोंगरातल्या त्सुशिमा भागात गेले आणि तिथे १५ मार्चपर्यंत राहिले. नेमका त्याच दिशेला धुळीचा लोट वळला आणि १५ तारखेच्या पाऊस-बर्फाने तो जमिनीवर उतरवला. धुळीचा मार्ग वर्तवणारी ‘स्पीडी’ नावाची संगणकप्रणाली सरकारजवळ होती, पण तिचे नकाशे नामिएच्या लोकांपर्यंत वेळेत पोहोचले नाहीत. त्याच पट्ट्यातले इइताते हे गाव बहुतांशी ३० किलोमीटरच्याही पलीकडे. ते रिकामे करण्याचा निर्णय एप्रिल उजाडल्यावर झाला. मिनामिसोमासारख्या केंद्राच्या जवळच्या काही भागांत मात्र त्याहून पुष्कळ कमी दूषण झाले होते.

छायाचित्राखाली ‘किरणोत्सर्गरोधक पोशाख’ असे लिहिणाऱ्या उपसंपादकांशी माझे जुने भांडण आहे. तो पांढरा पातळ अंगरखा गॅमा किरणांना पावसाळी रेनकोटाइतकाच अडवतो. त्याचे काम धूळ अंगाला लागू न देणे आणि काढून टाकता येणे एवढेच. २४ मार्चला तिसऱ्या अणुभट्टीच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात केबल टाकणारे तीन कामगार साचलेल्या पाण्यात उभे राहिले. त्यांच्यापैकी दोघांचे बूट आखूड होते, ते दूषित पाणी बुटांत शिरले आणि पायांच्या कातडीला बीटा किरणांचा, म्हणजे फार खोल न जाणाऱ्या किरणांचा, मोठा मारा बसला. तिथे शिशाची भिंत नको होती, उंच रबरी बूट हवे होते.

अणुअपघातात दिल्या जाणाऱ्या आयोडीनच्या गोळीचेही तसेच. ती थायरॉईड ग्रंथी साध्या आयोडीनने आधीच भरून ठेवते, म्हणजे मागाहून आलेल्या किरणोत्सर्गी आयोडीनला जागा उरत नाही. सीझियमवर किंवा बाहेरून येणाऱ्या किरणांवर तिचा काही इलाज चालत नाही. मार्च २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकाने रिकामी केली. एका गोळीइतके आयोडीन मिळवायला काही किलो मीठ खावे लागले असते. त्याच दिवसांत आशियातल्या अनेक देशांत एका प्रसिद्ध वृत्तसंस्थेच्या नावाने मोबाइलवर संदेश फिरला, की पावसात बाहेर पडू नका आणि गळ्याला बेटाडीन लावा. बेटाडीन जखमेला लावावे.

बेकरेल आणि सीव्हर्ट यांतही लोक अडखळतात, पण तो घोळ किरकोळ आहे: बेकरेल म्हणजे दर सेकंदाला किती अणू फुटतात ती मोजदाद, सीव्हर्ट म्हणजे त्याने शरीराला किती अपाय होऊ शकतो त्याचे माप. टोकियोच्या नळाच्या पाण्यात मार्चच्या तिसऱ्या आठवड्यानंतर लिटरमागे २१० बेकरेल आयोडीन-१३१ आढळले, अर्भकांसाठीची मर्यादा १०० ची होती, म्हणून लहान बाळांच्या घरी बाटलीबंद पाणी वाटले गेले. हे धुळीचे प्रकरण होते आणि ते योग्य रीतीने हाताळले गेले.

२००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले तेव्हा किडीचा बंदोबस्त म्हणून हापूस लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूच्या गॅमा किरणांखालून काढून पाठवला गेला, आणि ‘किरणोत्सर्गी आंबा’ म्हणून नाक मुरडणारे आपल्यातही निघाले. त्या किरणांनी आंबा किरणोत्सर्गी होत नाही. (न्यूट्रॉनचा मारा वस्तूला किरणोत्सर्गी करू शकतो, पण तो अणुभट्टीच्या पोटातला मामला आहे.) फुकुशिमाहून आलेल्या माणसांनाही काही निवाऱ्यांच्या दारात तपासणीचा दाखला मागितला गेला, आणि योकोहामात स्थलांतरित मुलाला वर्गातली मुले ‘जंतू’ म्हणत. कपडे बदलून अंघोळ केलेल्या माणसाकडून शेजाऱ्याला कसलीही लागण होत नाही.

एवढे म्हणून भीती सगळीच खोटी ठरवणाऱ्यांचीही मला चीड येते. इइतातेत शेतांवरची पाच सेंटिमीटर माती खरवडून काळ्या पिशव्यांत भरली, छपरे पुसली, अंगणे धुतली. परंतु डोंगरावरचे रान धुता येत नाही. तिथले सीझियम पाचोळ्यातून मातीत, मातीतून रानअळंबीत जाते. जपानमध्ये सामान्य अन्नासाठी २०१२ पासून किलोमागे १०० बेकरेलची मर्यादा आहे. बाजारातला तांदूळ ती सहज पाळतो, रानातली अळंबी अजूनही कित्येक ठिकाणी पाळत नाही, आणि तिथली म्हातारी माणसे शरद ऋतूत टोपली घेऊन डोंगर चढण्याऐवजी खिडकीतून त्याच्याकडे बघत बसतात.